भाचा म्हणतोय इलेक्ट्रिशियनचं शिक्षण सोडून डार्ट्स खेळणार, खरंच करिअर आहे का यात?

नाशिककर_मामा:

नमस्कार मंडळी, इथे इंग्लंडमध्ये राहणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. माझी ताई रेडिंगला असते, तिचा मुलगा १९ वर्षांचा, जन्म तिकडचाच. सध्या इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप करतोय, दीड वर्ष बाकी आहे. आता त्याच्या डोक्यात बसलंय की हे सगळं सोडून प्रोफेशनल डार्ट्स प्लेयर व्हायचं. ताई रोज रडून फोन करते आणि भावजी म्हणतात की पबमध्ये बिअर पिऊन भिंतीवर टाचण्या मारायच्या याला काय करिअर म्हणतात होय.

मी जानेवारी २०२६ मध्ये ती वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल बघितली, भाच्यानेच लिंक पाठवली होती. तो ल्यूक लिटलर नावाचा पोरगा, १८ वर्षांचा, त्याने जियान व्हॅन व्हीन म्हणून डच मुलाला ७-१ असं धुतलं आणि १० लाख पाउंड घेऊन गेला, म्हणजे आपले बारा कोटीच्या आसपास! मला तर झोपच लागली नाही. भाचा म्हणतो मामा तू आईला समजव, रॉब क्रॉस पण इलेक्ट्रिशियनच होता आणि पहिल्याच वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाला. हे खरं आहे का? आणि बाकीच्यांचं काय, जे फायनलला पोचत नाहीत त्यांचं घर चालतं का? मला यातलं ओ की ठो कळत नाही, कृपया नीट सांगा, टिंगल नको.

---

एमके_वाला:

मामा, टिंगल नाही करत, मी स्वतः मिल्टन कीन्सला राहतो आणि आमच्या पबच्या टीमकडून लीग खेळतो (शेवटून दुसरा नंबर, पण खेळतो). भाच्याने सांगितलं ते खोटं नाही पण अर्धंच सांगितलंय, चतुर आहे पोरगा.

आधी सिस्टीम समजून घ्या. पीडीसी म्हणून जी संस्था आहे तिच्या टूरवर फक्त १२८ जणांना खेळता येतं, त्याला टूर कार्ड म्हणतात. कार्ड मिळतं दोन वर्षांसाठी. दोन वर्षं संपली की रँकिंगमधले वरचे ६४ राहतात, बाकीच्यांचं कार्ड गेलं, परत लाइनीत उभं राहा. ही लाइन म्हणजे क्यू-स्कूल. दर जानेवारीत होतं, ब्रिटनवाल्यांचं आमच्या गावात मिल्टन कीन्सला आणि युरोपवाल्यांचं जर्मनीत काल्कारला. आमच्या टीममधला एक जण हौसेने फी भरून उतरला होता, त्याला सोडायला मी गेलो होतो, अरे काय ती गर्दी! शेकड्याने लोक, खांद्यावर बॅग, त्यात सोळा वर्षांची पोरं आणि पन्नाशीचे काका पण, आणि माजी वर्ल्ड कप खेळलेले पण, कारण कार्ड गेलं की नाव कितीही मोठं असो दार तेच. शेवटी कार्ड मिळणार तीसेक लोकांना, तेही ब्रिटन आणि युरोप मिळून.

बरं कार्ड मिळालं, आता पगार सुरू होतो का? नाही!! पगार हा प्रकारच नाही. टूरचा कणा म्हणजे प्लेयर्स चॅम्पियनशिप नावाच्या एक-एक दिवसाच्या स्पर्धा, २०२५ मध्ये ३४ होत्या, लेस्टर, विगन, जर्मनीत हिल्डेसहाइम अशा ठिकाणी. तिथे तुम्ही टीव्हीवर बघता ते नाचणारे प्रेक्षक, गाणी, विचित्र कपडे असलं काही नसतं. मोठा हॉल, ओळीने बोर्ड, १२८ जण, सहा लेग (लेग म्हणजे एक डाव) आधी जिंकेल तो पुढे. जिंकायचं असेल तर एका दिवसात सात मॅचेस जिंकायच्या. जिंकणाऱ्याला २०२५ मध्ये १५,००० पाउंड होते. आणि पहिल्या मॅचला हरलेल्याला? भोपळा. हॉटेल तुमचं, पेट्रोल तुमचं, विमानाचं तिकीट तुमचं, आणि दुपारीच घरी जायला मोकळे. म्हणजे दर स्पर्धेत १२८ पैकी ६४ लोक स्वतःच्या खिशातून पैसे घालून घरी जातात, आणि हे जगातले वरचे १२८ आहेत बरं का.

आणि एक गोष्ट ताईंना नक्की सांगा, या स्पर्धा आता बऱ्याचदा सोमवार-मंगळवारी असतात. मग कुठला मालक दर दोन आठवड्यांनी सोमवार-मंगळवार सुट्टी देईल? त्यामुळे कार्ड मिळालं की नोकरी सुटायचीच वेळ येते, किंवा मग स्वतःचा धंदा पाहिजे. कॅमेरॉन मेन्झीस म्हणून स्कॉटलंडचा आहे तो प्लंबरचं काम करत करत टूर खेळायचा. तुमच्या भाच्याच्या हातात इलेक्ट्रिशियनचं लायसन्स असेल तर तो पण तसं करू शकेल, अर्धवट सोडलं तर नाही करू शकणार, हा माझा मेन पॉइंट आहे.

आता रॉब क्रॉस. हो, केंटचा इलेक्ट्रिशियन, टोपणनावच व्होल्टेज. पण तो "सोडून" आला नव्हता. तो आधी चॅलेंज टूरवर खेळला, म्हणजे ज्यांना क्यू-स्कूलमध्ये कार्ड मिळत नाही त्यांच्यासाठी खालची टूर असते ती, बहुतेक वीकेंडला असते. २०१६ ला तिथे पहिला नंबर आला आणि त्यावर त्याला कार्ड मिळालं. म्हणजे २०१७ ची सुरुवात शून्य पाउंडावर, आणि १ जानेवारी २०१८ ला वर्ल्ड चॅम्पियन. सेमीफायनलला तेव्हाच्या नंबर एक मायकल व्हॅन गर्वेनला ६-५ सेटने हरवलं, तेही शेवटच्या सडन डेथ लेगमध्ये, म्हणजे एका डावावर निकाल, आणि फायनलला १६ वेळच्या चॅम्पियन फिल टेलरला ७-२, टेलरची ती शेवटची मॅच होती. ४ लाख पाउंड मिळाले. असं करिअर डार्ट्समध्ये आधी कुणाचं झालेलं नव्हतं म्हणून तर ते सगळ्यांना पाठ आहे.

पण पुढचं भाचा सांगत नाही. रँकिंग कसं चालतं तर मागच्या दोन वर्षांत किती पैसे जिंकले त्याची बेरीज, बास. पॉइंट वगैरे काही नाही, थेट पाउंड. आणि दोन वर्षं झाली की ते पैसे बेरजेतून गायब. म्हणजे क्रॉसला जो ४ लाखांचा जॅकपॉट लागला तो बरोबर दोन वर्षांनी त्याच्या नावावरून उतरला. मधे २०१९ ला पठ्ठ्याने वर्ल्ड मॅचप्ले नावाची मोठी स्पर्धा जिंकली, युरोपियन चॅम्पियनशिप पण जिंकली, वाईट खेळत नव्हता अजिबात, पण वर्ल्ड चॅम्पियनशिपला आला आणि किम हायब्रेख्ट्सकडून पहिल्याच मॅचला ३-० ने गेला. तिथेच रँकिंग घसरलं. २०२१ ला परत युरोपियन जिंकून वर आला, चांगला प्लेयर आहे, पण हा खेळ सगळ्यांनाच असा पळवतो, मागे वळून बघायला वेळ नाही, दोन वर्षांपूर्वी जिंकलेलं आज परत जिंकावं लागतं नुसतं आहे तिथे राहायला.

---

सोलापुरी_स्ट्रायकर:

मला एक समजत नाही, यात एवढं काय आहे? मी जिल्हा लेव्हलला कॅरम खेळलोय. आठ फुटांवरून बाण मारायचा, बोर्ड हलत नाही, वारा नाही, समोरचा अडवत नाही. प्रॅक्टिस केली की जमेल कुणालाही. १० लाख पाउंड देण्यासारखं काय आहे यात, आपल्याकडे कॅरमच्या वर्ल्ड चॅम्पियनना कोण विचारतं का?

---

एमके_वाला:

@सोलापुरी_स्ट्रायकर भाऊ शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य, बाकी नाही.

बोर्ड जमिनीपासून ५ फूट ८ इंचावर, अंतर ७ फूट ९ इंच आणि पाव. मधोमध बुल आहे पण तिथे कुणी मारत नाही, सगळे मारतात ट्रेबल वीसला, म्हणजे वीसची तिप्पट, साठ, ती पट्टी तुमच्या करंगळीपेक्षा बारीक आहे. आणि वीसच्या एका बाजूला १, दुसऱ्या बाजूला ५, म्हणजे जरा हुकलं की साठऐवजी एक मिळतो, बोर्ड बनवणारा महा खट होता. ५०१ वरून खाली यायचं आणि शेवट डबलवरच, म्हणजे कडेच्या दुप्पट गुणांच्या पट्टीवरच झाला पाहिजे. बरोबर शून्य. जास्त गेलं की तो टर्न (तीन डार्टांची पाळी) रद्द.

तुम्ही कॅरमवाले आहात तर तुम्हाला हे लगेच कळेल, नुसती सोंगटी घालणं वेगळं आणि पुढच्या सोंगटीसाठी स्ट्रायकर कुठे थांबेल ते बघून घालणं वेगळं. इथे तसंच. समजा ४० राहिले, डबल वीस मारला, आत सरकून सिंगल वीस लागला, राहिले २०. मग डबल दहा, तिथेही सिंगल लागला तर १०, मग डबल पाच, तो हुकला तर ५ राहिले आणि आता विषम आकडा, एक डार्ट वाया घालवून परत सम करायचा. पण ३२ राहिले तर १६, ८, ४, २ असं हुकत हुकत पण प्रत्येक वेळी डबल तयारच असतो. म्हणून प्लेयर लोक चार टर्न आधीपासून ३२ किंवा ४० राहील असा हिशोब करतात, तोंडी, हजारो लोक ओरडत असताना, आणि दुसरा बोर्डाकडे बघत उभा असताना. १७० असेल तर तीन डार्टात संपतं, ट्रेबल २०, ट्रेबल २०, बुल (५०). १६९ असेल तर नाही संपत. १६८, १६६ पण नाही. हे सगळं टूरवाल्यांना झोपेत पाठ असतं.

मामा, भाच्याला एकच गोष्ट विचारा. तुझं तीन डार्टांचं ॲव्हरेज किती, म्हणजे एका टर्नला सरासरी किती गुण? गोलगोल उत्तर देऊ नको म्हणावं, ॲपमध्ये असतं ते. मग बोलू.

---

निवांत_६३:

मी ८७ ते ९६ बर्मिंगहॅमला होतो, आता पुण्यात निवृत्त. त्या काळात टीव्हीवर डार्ट्स म्हणजे धूर, ग्लासं आणि ढेऱ्या. तुमच्या भावजींच्या डोळ्यांसमोर तेच असणार, त्यांना दोष देऊ नका.

जॉकी विल्सन म्हणून होता, स्कॉटिश, बुटका, दात नव्हते, लोक जीव टाकायचे त्याच्यावर. ८२ आणि ८९ दोनदा वर्ल्ड चॅम्पियन. पुढे डायबेटिस झाला, दिवाळखोरी झाली, किर्कॉल्डीला छोट्या घरात सरकारी भत्त्यावर राहायचा, कुणाला भेटायचा नाही, २०१२ ला गेला. अँडी फोर्डहॅम २००४ चा चॅम्पियन, अगडबंब वजन आणि दारू, २००७ ला स्पर्धेच्या जागीच कोसळला. दोघेही माणूस म्हणून फार गोड होते म्हणतात. त्या वेळी चॅम्पियन असून पैसा तरी किती होता? १९९० ची गंमत सांगतो, मी टीव्हीवर लाइव्ह बघितलेली. पॉल लिम, सिंगापूरचा, त्याने वर्ल्ड चॅम्पियनशिपमधला पहिला नाइन-डार्टर मारला, म्हणजे ५०१ फक्त नऊ डार्टात. त्याचं बक्षीस ५२,००० पाउंड. आणि त्या वर्षीचा चॅम्पियन फिल टेलर, त्याला किती, २४,०००. चॅम्पियनला एका लेगवाल्याच्या निम्मे पण नाहीत!

हाच पॉल लिम ७१ वर्षांचा असताना, म्हणजे डिसेंबर २०२५ मध्ये, वर्ल्ड चॅम्पियनशिपला मॅच जिंकला की. माझ्या गुडघ्यांना हे दाखवायला पाहिजे.

आणि टेलरचं सांगायचं म्हणजे मी एमके_वाल्यांशी पूर्ण सहमत नाही. टेलर स्टोकचा, कारखान्यात टॉयलेटच्या साखळीची चिनी मातीची हँडलं बनवायचा, आठवड्याला ५२ पाउंड. एरिक ब्रिस्टो तेव्हा पाच वेळचा वर्ल्ड चॅम्पियन, त्याने याचा हात बघितला आणि १०,००० पाउंड दिले, नोकरी सोड आणि नुसतं खेळ म्हणून. उपकार म्हणून नव्हे, परतबोलीने. आणि ९० च्या फायनलला टेलरने त्याच ब्रिस्टोला ६-१ हरवलं. तिशीला आला होता तेव्हा. पुढे एकूण १६ वर्ल्ड टायटल, त्यातली ९५ ते २००२ सलग आठ. तर नोकरी ठेवून हे झालं असतं का? मला नाही वाटत. कधीतरी उडी मारावीच लागते.

फक्त इथे एक तळटीप. आज जो पैसा दिसतोय तो आपोआप नाही आला. ९० च्या आसपास टीव्हीवाल्यांनी डार्ट्स दाखवणं जवळजवळ बंद केलं, तेव्हा १६ टॉपचे प्लेयर जुनी संघटना सोडून बाहेर पडले, टेलर, ब्रिस्टो, जॉन लो, डेनिस प्रिस्टली वगैरे. जुन्या संघटनेने त्यांच्यावर बंदी घातली, अगदी गावच्या काउंटीच्या मॅचेसपर्यंत. ९४ ला यांनी पर्फ्लीटच्या एका टॅव्हर्नमध्ये स्वतःची वर्ल्ड चॅम्पियनशिप भरवली, २४ जण खेळले, टेलर फायनलला प्रिस्टलीकडून ६-१ हरला. ९७ ला कोर्टात समझोता होईपर्यंत हे चालू होतं. त्यातल्या कित्येकांना त्या बंडाचा काहीच फायदा नाही झाला, वयच निघून गेलं. लिटलरचे दहा लाख त्यांच्या जिवावर आहेत असं मी म्हणेन, कुणी म्हणत नाही ते वेगळं.

---

टवाळ_पोर:

मामा भाच्याला भारतात पाठवा, इथे क्वालिफायर (पात्रता स्पर्धा) जिंकला की थेट लंडनला वर्ल्ड चॅम्पियनशिप 😂

---

वैशाली_लेस्टर:

@टवाळ_पोर हसण्यावारी नको नेऊस, भारताचा क्वालिफायर खरंच असतो. नितीन कुमार त्यातूनच अनेकदा तिथे खेळलाय आणि या वेळी त्याने रिचर्ड वीनस्ट्राला हरवलं, वर्ल्ड चॅम्पियनशिपला मॅच जिंकणारा पहिला भारतीय. आमच्या घरात तर रात्री आरडाओरडा झाला, शेजारी आले विचारायला. पण भाचा ब्रिटिश असेल तर ते दार त्याच्यासाठी नाही.

मामा मी वेगळंच बोलणार आहे, पैशाचं वर आलंच. मी फिजिओ आहे, डार्ट्सवाल्यांना ट्रीट नाही करत पण नवरा वेडा आहे त्याचा त्यामुळे गेली कित्येक वर्षं हेच बघतेय. ताईंना सांगा की यात हाडं मोडत नाहीत पण दुसरं काहीतरी मोडतं. त्याला डार्टायटिस म्हणतात, नाव गमतीशीर आहे पण बघवत नाही. हात मागे जातो आणि डार्ट सुटतच नाही बोटांतून. डोकं सांगतंय सोड, बोटं ऐकत नाहीत. हा वर ज्यांचं नाव आलंय तो एरिक ब्रिस्टो, पाच वेळा वर्ल्ड चॅम्पियन, त्याला ८६-८७ च्या आसपास हे झालं आणि नंतर तो एकही वर्ल्ड टायटल जिंकला नाही, शेवटचं ८६ चंच. २०१७ ला बेरी व्हॅन पेअर म्हणून डच मुलगा होता, विशीतला, टीव्हीवर लाइव्ह त्याचा हात अडकत होता, पुढे करतो, थांबतो, परत करतो, डोळ्यांत पाणी, आणि सगळा हॉल त्याला टाळ्या वाजवून धीर देत होता. नेथन ॲस्पिनॉल तर टॉपचा, मॅचप्ले जिंकलेला, त्याला पण २०२३ मध्ये झालं. तो त्यातून बाहेर आला. सगळे येत नाहीत.

आणि हे का होतं तर कुणाकडे पक्कं उत्तर नाही, पण एकच हालचाल लाखो वेळा करणारे, आणि त्या हालचालीवर घरभाडं अवलंबून असणारे, यांच्यात दिसतं. म्हणून मला नोकरी असण्याचा मुद्दा पैशापेक्षा या बाजूने जास्त महत्त्वाचा वाटतो. निवांत काका म्हणतात उडी मारावी, मान्य, पण टेलरच्या मागे ब्रिस्टोसारखा माणूस उभा होता जो स्वतः चॅम्पियन होता आणि ज्याला बघताक्षणी कळत होतं की पोरात काय आहे. ब्रिस्टोने पैसे दिलेले आणि जमले नाहीत असे कुणी असतील तर त्यांची गोष्ट आपल्यापर्यंत येणारच नाही ना.

अजून एक. भाच्याला लिटलर दाखवू नका कृपया. तो दीड वर्षांचा असल्यापासून मॅग्नेटच्या बोर्डावर फेकतोय, सेंट हेलेन्सच्या ॲकॅडमीत वाढला, वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या पहिल्याच मॅचला १०६.१२ ॲव्हरेज, १६ व्या वर्षी. म्हणजे १९ वर्षांचा जो आज ठरवतोय की मी सुरुवात करतो, तो लिटलरच्या मागे सतरा वर्षं आहे. त्यापेक्षा फॅलन शेरॉक दाखवा, हेअरड्रेसर होती, घरोघरी फिरून केस कापायची, किडनीचा आजार, लहान मुलगा, आणि २०१९ च्या डिसेंबरला टेड एव्हेट्स आणि मग मेन्सूर सुल्योविचला हरवून वर्ल्ड चॅम्पियनशिपला मॅच जिंकणारी पहिली बाई. सुल्योविच अकरावा सीड होता! माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, तिने दुसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघराच्या दाराला भोकं पाडली.

---

नाशिककर_मामा:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल वाटलं नव्हतं. ताईला फोनवर वाचून दाखवलं, जॉकी विल्सनचं गाळलं, नाहीतर हार्ट अटॅक आला असता तिला.

भाच्याला ॲव्हरेज विचारलं. आधी म्हणाला "८० च्या पुढे जातं." मग मी म्हटलं ॲपचा स्क्रीनशॉट पाठव. तर गेल्या तीन महिन्यांचं ७१. हे बरं की वाईट? आणि तो म्हणतोय की घरी एकटा असताना ७१ नाही ८५ पर्यंत जातं, मॅचमध्ये कमी होतं. भावजी आता थोडे मऊ झालेत पण त्यांचं म्हणणं की पाच वर्षांनी टूरवर नुसता टिकून राहिला, चॅम्पियन नाही झाला, तर किती सुटतात ते सांगा. म्हणजे मधल्या नंबरवाल्याचं.

---

एमके_वाला:

७१ म्हणजे आमच्या लीगमध्ये तो स्टार असेल, मला हरवेल नक्की. टूरवर मात्र रोज ९० च्या आसपास टाकणारे पहिल्या राउंडला घरी जातात. एकोणिसाव्या वर्षी ७१ वाईट नाही, ८५ पर्यंत दोन-तीन वर्षांत जाणारी पोरं बघितलीत, पण ८५ ते ९५ हा टप्पा खरा घाट आहे, तिथे बहुतेक जण आयुष्यभर अडकतात. आणि घरी ८५ मॅचमध्ये ७१ हे तर सगळ्यांचंच असतं, त्याला म्हणावं जे मॅचमध्ये पडतं तेच तुझं ॲव्हरेज.

मधल्या नंबरवाल्याचं असं आहे भावजींसाठी. रँकिंगमध्ये साठाव्या-सत्तराव्या नंबरवाला जो असतो त्याचं वर्षाचं गणित एका गोष्टीवर लटकलेलं असतं, वर्ल्ड चॅम्पियनशिपला क्वालिफाय झालो की नाही. आधी ९६ जण असायचे, २०२६ च्या स्पर्धेपासून १२८ केलेत आणि पहिल्या राउंडला हरलं तरी १५,००० पाउंड. म्हणजे विगनला एखादी अख्खी स्पर्धा सात मॅच जिंकून जेवढे मिळतात तेवढे इथे नुसतं हरून. त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या प्लेयर्स चॅम्पियनशिपला लोकांचे हात थरथरतात, चॅम्पियन कोण होणार याची कुणाला पडलेली नसते, कोण आत आणि कोण बाहेर हेच चालू असतं. बाकी कमाई म्हणजे छोटे स्पॉन्सर, शर्टावर लोकल रूफिंगवाल्याचं, व्हॅनवाल्याचं नाव, आणि एक्झिबिशन, म्हणजे क्लबमध्ये जाऊन शनिवारी लोकांशी खेळायचं. पण एक्झिबिशनला बोलावतात टीव्हीवर दिसलेल्याला. डार्ट्सची प्रीमियर लीग असते तिच्यात फक्त ८ जण, फेब्रुवारी ते मे दर गुरुवारी, खरा पैसा आणि चेहरा तिथे आहे आणि ते आठ कोण हे आयोजक ठरवतात बरंच.

पण असेही आहेत. स्टीव्ह बीटन बघा, ९६ चा चॅम्पियन, त्यानंतर वर्ल्ड टायटल नाही, पण सलग तीसपेक्षा जास्त वर्षं वर्ल्ड चॅम्पियनशिप खेळला आणि साठीला येऊन २०२४ ला टूर सोडली. कुणी त्याच्यावर डॉक्युमेंटरी नाही काढणार, पण घर चालवलं माणसाने बाण मारून. भावजींना तो दाखवा. त्याच्यासारखं होणं मला लिटलर होण्याइतकंच अवघड वाटतं खरं तर.

आता कामाचं. वय १९ आहे तर डेव्हलपमेंट टूर आहेच त्याच्यासाठी, १६ ते २४ वयाची, वीकेंडला असते, दोन-तीन दिवसांत चार-पाच स्पर्धा उरकतात. वर्षाच्या शेवटी तिथले वरचे नंबर थेट टूर कार्ड घेऊन जातात, क्यू-स्कूलची धक्काबुक्कीच नाही. म्हणजे सोमवार ते शुक्रवार अप्रेंटिसशिप, शनि-रवि डेव्हलपमेंट टूर, त्याचं वय २४ होईपर्यंत. लायसन्स हातात येईल तेव्हा तो २१ चा असेल, अजून तीन वर्षं शिल्लक. आणि लोकल लीगमध्ये सुपर लीग असेल काउंटीची तर तिथे नाव घालायला सांगा, ॲपवर एकट्याने मारून मॅच शिकता येत नाही.

---

निवांत_६३:

हे पटलं. माझी उडी तीन वर्षं पुढे ढकला.

---

सोलापुरी_स्ट्रायकर:

मी काल बोर्ड मागवला ऑनलाइन. तीन तासांत एकदा लागला ट्रेबल वीस, तोही एकोणीसला मारताना. बायको विचारतेय भिंतीचं काय करायचं. बोर्डाच्या मागे काय लावतात तिकडे?

---

वैशाली_लेस्टर:

@सोलापुरी_स्ट्रायकर सराउंड म्हणून फोमची रिंग मिळते बोर्डाभोवती बसवायची, ती घ्या. आणि खाली जाड रबरी मॅट टाका, फरशीवर पडला की टोक जातं. डार्ट २२-२३ ग्रॅमचे घ्या सुरुवातीला, टंगस्टनचे महाग असतात, पितळेचे चालतील. दाराच्या मागे बोर्ड लावू नका एवढं ऐका माझं, कोणीतरी दार उघडतंच.

---

नाशिककर_मामा:

ताई, भावजी आणि भाचा असं तिघांचं काल बोलणं झालं. लायसन्सपर्यंत अप्रेंटिसशिप सोडायची नाही हे भाच्याने कबूल केलं, बदल्यात भावजी डेव्हलपमेंट टूरच्या वीकेंडला गाडी घेऊन जाणार. पहिलं कुठे असतं आणि नाव कधीपर्यंत द्यावं लागतं हे एमके_वाले तुम्ही सांगू शकाल का? आणि भावजींनी विचारलंय की तिथे पालकांना आत बसू देतात की गाडीतच थांबावं लागतं.